विद्युत शीतलन पंखा (मोटारवाहन)

विद्युत शीतलन पंखा म्हणजे मोटारवाहनाच्या रेडिएटरमधून हवा खेळती ठेवणारा व वाहनाच्या बॅटरीवर चालणारा पंखा होय. बोलीभाषेत त्यास 'रेडिएटर फॅन' किंवा नुसते 'फॅन' असे म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंखा इंजिन सुरू असेपर्यंत फिरत राहतो. विद्युत पंखा मात्र कूलंट ठरावीक तापमानास पोहोचल्यावरच सुरू होतो आणि ते थंड झाल्यावर थांबतो.

या पंख्याच्या वायरिंगचे मूलतत्त्व एकच आहे. पंखा फिरवणारा मोठा प्रवाह आणि तो केव्हा फिरवायचा हे ठरवणारा अल्प प्रवाह यांचे मार्ग वेगळे ठेवावे लागतात. रिले हा घटक हे दोन मार्ग परस्परांशी जोडतो. हे तत्त्व न पाळता केलेल्या जोडणीमुळे स्विच वितळणे, तारा जळणे, तसेच पंखा बंद पडून इंजिनाचे हेड गॅस्केट निकामी होणे असे प्रकार घडतात.

पार्श्वभूमी

इंजिन वाहनात लांबीच्या दिशेने बसवलेले असते तेव्हा त्याचे पुढचे टोक रेडिएटरसमोर येते आणि पंखा पट्ट्यावर चालवणे सोपे जाते. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची तसेच हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरची रचना अशीच होती. या पद्धतीत एक मूलभूत विसंगती आहे. वाहन गर्दीत थांबलेले असताना इंजिन मंद गतीने चालते, त्यामुळे पंखाही मंद फिरतो. प्रत्यक्षात त्याच वेळी हवेची सर्वाधिक गरज असते. उलट वेगाने धावताना समोरचा वारा पुरेसा असूनही पंखा जोरात फिरतो आणि इंजिनाची शक्ती व्यर्थ खर्च होते.

इंजिन आडवे बसवण्याची पद्धत रूढ झाल्यावर हा प्रश्न अधिक ठळक झाला. १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनी मोटारीत इंजिन आडवे होते. पट्ट्यावरचा पंखा वापरता यावा म्हणून तिचा रेडिएटर बाजूस बसवला होता. १९६९ च्या फियाट १२८ या मोटारीत रेडिएटर समोर ठेवून त्यामागे विद्युत पंखा बसवण्यात आला. पुढे लहान मोटारींमध्ये हीच रचना सर्वत्र आढळू लागली. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये विक्रीस आलेल्या मारुती ८०० या मोटारीमुळे आडवे इंजिन आणि विद्युत पंखा ही जोडी गावोगावच्या गॅरेजांपर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये सादर झालेल्या, पुण्यात निर्माण होणाऱ्या टाटा इंडिका या मोटारीतही इंजिन आडवेच होते.

अवजड मालवाहू वाहनांत मात्र पट्ट्यावर किंवा द्रवयोजीवर चालणारे पंखेच प्रामुख्याने वापरले जातात. त्यांच्या पंख्यास कित्येक किलोवॅट शक्ती लागते. एवढी शक्ती नेहमीच्या बॅटरी व अल्टरनेटरमधून पुरवणे व्यवहार्य नसते.

घटक

पंखा व मोटर : मोटर बहुधा स्थायी चुंबकाची व एकदिश प्रवाहावर चालणारी असते. लहान मोटारींतील पंख्यांची शक्ती साधारणतः ८० ते २५० वॅट असते. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्यास सुमारे ७ ते २० अँपिअर प्रवाह लागतो. सुरू होण्याच्या क्षणी हा प्रवाह काही काळ दुप्पट-तिप्पट होतो.

तापमान स्विच : गॅरेजांत यास 'थर्मो स्विच' म्हणतात. तो रेडिएटरच्या टाकीत किंवा इंजिनावरील पाण्याच्या मार्गात बसवलेला असतो. अनेक वाहनांत तो ९० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास जोडला जातो आणि त्याहून काही अंश कमी तापमानास तुटतो. या दोन तापमानांत अंतर नसते, तर पंखा क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहिला असता.

रिले : अल्प प्रवाहाने चालणारा विद्युतचुंबकीय स्विच. त्याच्या गुंडाळीस सुमारे ०.१५ अँपिअर एवढाच प्रवाह पुरतो. त्याचे मुख्य संपर्क मात्र ३० ते ४० अँपिअर प्रवाह वाहू शकतात.

फ्यूज : शालेय पुस्तकांत यास 'वितळतार' असेही म्हणतात. वाहनांतील पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक आणि ३० हिरवा.

थर्मोस्टॅट आणि तापमान स्विच हे दोन भिन्न घटक आहेत. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असून इंजिन तापेपर्यंत ती कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तापमान स्विच केवळ पंख्यास आज्ञा देतो. या दोहोंची गल्लत झाल्याने निर्दोष भाग बदलला जाण्याचे प्रकार घडतात.

वायरिंगची रचना

जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मध्ये वाहनांतील विद्युत टोकांना क्रमांक दिलेले आहेत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिलेंवर तेच छापलेले असतात. त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे :

३० – बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी तार
८७ – पंख्याकडे जाणारी तार
८६ – गुंडाळीचे धन टोक
८५ – गुंडाळीचे ऋण टोक
८७ए – रिले विश्रांत असताना ३० शी जोडलेले टोक. पंख्याच्या साध्या जोडणीत ते मोकळे ठेवतात

मुख्य परिपथ : बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार प्रथम फ्यूजमध्ये जाते, तेथून रिलेच्या ३० या टोकास मिळते. ८७ पासून तार पंख्याच्या मोटरीकडे जाते आणि मोटरीची दुसरी तार अर्थला, म्हणजे वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला, जोडली जाते. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असणे आवश्यक असते. तो पंख्याजवळ बसवल्यास बॅटरी व फ्यूज यांमधील लांब तार संरक्षणाविना राहते. ती कोठे घासून सांगाड्यास टेकली, तर प्रवाह खंडित करणारे काहीच उरत नाही.

नियंत्रक परिपथ : इग्निशन चालू केल्यावर सजीव होणारी बारीक तार लहान फ्यूजमधून ८६ या टोकास देतात. ८५ हे टोक तापमान स्विचमार्गे अर्थला मिळते. कूलंट तापले की स्विच जोडला जातो, गुंडाळीतून प्रवाह वाहतो आणि रिलेचे मुख्य संपर्क मिटून पंखा सुरू होतो. तापमान स्विचमधून केवळ गुंडाळीचा अल्प प्रवाह जात असल्याने त्याचे संपर्क दीर्घकाळ टिकतात.

काही रिलेंमध्ये गुंडाळीस समांतर डायोड बसवलेला असतो. रिले सुटताना गुंडाळीत निर्माण होणारा उच्च विद्युतदाब तो शमवतो. अशा रिलेत ८५ व ८६ यांची अदलाबदल करता येत नाही. तसेच १२ व्होल्टचा रिले २४ व्होल्टच्या वाहनात वापरल्यास त्याची गुंडाळी जळते.

तारेची जाडी

तांब्याच्या तारेचा रोध तिच्या लांबीच्या समप्रमाणात व काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पंखा २० अँपिअर प्रवाह घेत असून जाण्या-येण्याच्या तारेची एकूण लांबी ४ मीटर आहे असे मानल्यास पुढील चित्र दिसते :

१ चौरस मिलिमीटर – सुमारे १.४ व्होल्ट घट. तारेत २७ वॅट उष्णता
२.५ चौरस मिलिमीटर – सुमारे ०.५५ व्होल्ट घट; ११ वॅट उष्णता
४ चौरस मिलिमीटर – सुमारे ०.३५ व्होल्ट घट; ७ वॅट उष्णता

बारीक तार वापरल्यास दुहेरी हानी होते. पंख्यास कमी विद्युतदाब मिळून हवा कमी पडते आणि तार स्वतः तापते. इंजिनाच्या उष्णतेत, इतर तारांसोबत गुंडाळलेल्या अवस्थेत तिचे आवरण लवकर कडक होऊन तडकते.

फ्यूजची निवड तारेच्या क्षमतेनुसार करावयाची असते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक अँपिअरचा फ्यूज घातल्यास संरक्षण नाहीसे होते आणि तारच फ्यूजचे काम करू लागते. अडकलेली मोटर, झिजलेले बुश किंवा घासलेली तार ही फ्यूज उडण्याची खरी कारणे असू शकतात.

सैल सांध्यापासून मात्र फ्यूज संरक्षण देऊ शकत नाही. एखाद्या सांध्याचा रोध केवळ ०.०५ ओहम असला, तरी २० अँपिअर प्रवाहात त्या एका ठिकाणी २० वॅट उष्णता निर्माण होते. ती लहान सोल्डरिंग आयर्नइतकी असते. प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूज शाबूत राहतो आणि प्लॅस्टिकचा सॉकेट वितळतो. याच कारणास्तव तारा नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळणे सदोष मानले जाते. योग्य मापाचे थिंबल दाबून बसवणे, त्यावर स्लीव्ह चढवणे व तार क्लिपने आधारणे ही स्वीकृत पद्धत आहे.

अर्थची जोडणी

पंखा न चालण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ धन तारेत नसून अर्थमध्ये असते. रंग, गंज किंवा ग्रीस यांवर स्क्रू आवळल्यास संपर्क अपुरा राहतो. धातू खरवडून स्वच्छ केल्यावर बोल्ट, वॉशर व थिंबल यांनी अर्थ घट्ट करतात आणि त्यानंतर त्यावर गंजरोधक लेप देतात.

तापमान स्विचच्या बाबतीतही अर्थ महत्त्वाचा ठरतो. एकाच तारेचा स्विच आपल्या आट्यांमधून रेडिएटरच्या धातूमार्फत अर्थ मिळवतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळल्यास हा मार्ग तुटू शकतो. अलीकडच्या रेडिएटरांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असल्याने त्यांत दोन तारांचा स्विच वापरावा लागतो.

वातानुकूलन व संगणकीय नियंत्रण

वातानुकूलित वाहनांत रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. एसी सुरू असताना कूलंट थंड असले, तरीही पंखा चालणे आवश्यक असते. यासाठी एसीच्या परिपथातून रिलेस स्वतंत्र आज्ञा दिली जाते. काही वाहनांत दोन पंखे असतात. काहींत एकाच पंख्यास दोन वेग असून कमी वेगासाठी मोटरीच्या परिपथात रोधक जोडलेला असतो. हा रोधक जळाल्यास पंखा केवळ अधिक वेगावर चालतो.

आधुनिक वाहनांत तापमान स्विचऐवजी संवेदक असतो आणि त्याच्या वाचनावरून इंजिनाचा नियंत्रक संगणक रिलेस आज्ञा देतो. संवेदकाची तार तुटल्यास अनेक वाहनांचा संगणक सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. अशा वेळी सतत फिरणारा पंखा हा पंख्याचा दोष नसून संवेदकातील बिघाडाची खूण असते. विद्युत वाहनांतही रेडिएटर व पंखा असू शकतो. बॅटरी थंड राखण्यासाठी तो वाहन उभे असताना, चार्जिंग चालू असताना देखील सुरू होऊ शकतो.

जालना व मराठवाड्याच्या हवामानातील महत्त्व

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे कूलंट व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जुन्या व नवीन जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा ४२ अंशांवर असता हा फरक ५३ अंश उरतो. हिवाळ्यातील १५ अंशांच्या सकाळी तो ८० अंश असतो. अर्थात तेवढीच हवा मिळाली, तर उन्हाळ्यात रेडिएटरची क्षमता हिवाळ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश राहते. एसी चालू असल्यास कंडेन्सरमधून तापून आलेली हवा ही तूट आणखी वाढवते.

पंख्याचा दोष मोकळ्या रस्त्यावर झाकलेला राहतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा मार्गावर धावताना समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतो व पंख्याची गरज क्वचितच भासते. तेच वाहन महामार्ग सोडून नवीन जालन्याच्या बाजारपेठेतील गर्दीत शिरले किंवा कन्नडजवळच्या औट्रम घाटात वाहनांच्या रांगेत अडकले, की तापमानाचा काटा चढू लागतो. म्हणून लांबचा प्रवास सुरळीत झाला एवढ्यावरून पंखा निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. वाहन उभे ठेवून, इंजिन चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होतो का हे पाहणे हीच खरी परीक्षा होय.

कूलंटऐवजी कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी भरण्याची सवय हाही या भागातील एक प्रश्न आहे. क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतो व उष्णतेचे वहन मंदावते. हा दोष पंखा किंवा वायरिंग बदलून दूर होत नाही.

'डायरेक्ट' जोडणी

तापमान स्विच किंवा रिले निकामी झाल्यावर पंखा थेट इग्निशनच्या तारेस किंवा बॅटरीस जोडण्याचा प्रकार भारतीय गॅरेजांत प्रचलित आहे. त्यास 'फॅन डायरेक्ट करणे' असे म्हणतात. रस्त्यात अडकलेले वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा तात्पुरता उपाय म्हणून त्याचा उपयोग होतो. कायमस्वरूपी ठेवल्यास मात्र पुढील धोके संभवतात :

पंख्याचा संपूर्ण प्रवाह इग्निशन स्विचमधून जातो. त्याचे संपर्क एवढ्या अखंड भारासाठी बनवलेले नसल्याने ते जळतात व वाहन अकस्मात बंद पडू शकते.

मधल्या तारेस योग्य फ्यूज नसल्यास आग लागण्याचा संभव असतो.

पंखा अखंड चालल्याने मोटरीचे कार्बन ब्रश व बुश लवकर झिजतात.

हाती चालवण्याचा साधा स्विच बसवल्यास तो लावण्याचे वा बंद करण्याचे भान चालकावर अवलंबून राहते. विसर पडल्यास इंजिन तापते किंवा बॅटरी उतरते.

याच्याच जोडीने थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथाही आढळते. त्यामुळे थंडीत इंजिन योग्य तापमानास पोहोचण्यास फार वेळ लागतो, इंधन अधिक खर्च होते व इंजिनाची झीज वाढते.

दोषनिदान

पंखा न चालल्यास तपासणीचा क्रम सामान्यतः असा असतो. प्रथम, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहतात. पातळी खाली गेलेली असल्यास स्विचभोवती पाण्याऐवजी हवा किंवा वाफ राहते व त्यास खरे तापमान कळत नाही. त्यानंतर फ्यूज तपासतात. पुढे पंख्याचा सॉकेट काढून मोटरीस फ्यूज असलेल्या तारेने थेट बॅटरीचा पुरवठा देतात; मोटर फिरल्यास दोष तिच्यात नाही हे स्पष्ट होते. मग तेवढ्याच क्षमतेचा व तशाच टोकांचा दुसरा रिले लावून पाहतात. शेवटी, दोन तारांच्या तापमान स्विचचा सॉकेट काढून त्याची दोन टोके क्षणभर परस्परांस जोडतात. पंखा सुरू झाल्यास वायरिंग ठीक असून स्विच सदोष ठरतो. ही शेवटची चाचणी केवळ साध्या स्विचच्या परिपथास लागू आहे. संगणक-नियंत्रित वाहनातील संवेदकाची टोके अशी जोडू नयेत.

मल्टिमीटर उपलब्ध असल्यास पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील व मोटरीच्या टोकांवरील विद्युतदाब मोजतात. या दोहोंत एक व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास तार बारीक आहे किंवा एखादा सांधा वा अर्थ सदोष आहे असे अनुमान निघते.

मोटर बदलल्यानंतर पंख्याची दिशा तपासणे आवश्यक असते. स्थायी चुंबकाच्या मोटरीच्या तारा उलट जोडल्यास ती उलट फिरते. रेडिएटरमागील पंखा तेव्हा समोरच्या वाऱ्याविरुद्ध हवा ढकलू लागतो. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढील बाजूस कागद धरल्यास तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

जुन्या वाहनांवर विद्युत पंखा बसवणे

पट्ट्यावरच्या पंख्याऐवजी विद्युत पंखा बसवताना तीन गोष्टींचा विचार होतो. अल्टरनेटर हेडलाइट, एसी व पंखा यांचा एकत्रित भार इंजिन मंद गतीने चालत असताना पेलू शकला पाहिजे. पंख्याभोवती आवरण नसल्यास तो रेडिएटरच्या केवळ समोर आलेल्या भागातूनच हवा ओढतो, म्हणून मूळ आवरणासह पंखा निवडणे श्रेयस्कर ठरते. पंखा रेडिएटरच्या नळ्यांमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून न बांधता त्याच्या चौकटीस आधारावा लागतो, कारण कंपनांमुळे नळ्या झिजून गळती सुरू होते. वॉरंटीतील वाहनाचे मूळ वायरिंग कापल्यास उत्पादकाची वॉरंटी बाधित होऊ शकते.

सुरक्षितता

अनेक वाहनांत इग्निशन बंद केल्यावरही पंखा पूर्वसूचना न देता सुरू होतो. बॉनेटखाली काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढणे आणि ओढणी, पदर, मफलर किंवा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणातील झडप आतील दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू उंचावते, सुमारे ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली पाणी ११५ अंशांच्या वरही द्रवरूपात असू शकते. झाकण सैल होताच ते वाफेसह उसळून गंभीर भाजण्याची इजा होते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

तापमानाचा काटा वर जाऊ लागल्यास एसी बंद करून वाहन सुरक्षित जागी थांबवणे व इंजिन बंद करून ते निवू देणे इष्ट असते. जळक्या प्लॅस्टिकचा वास आल्यास वाहन तत्काळ थांबवून सर्वांनी खाली उतरावे. बॉनेटखालून धूर येत असल्यास बॉनेट पूर्ण उघडू नये. आत शिरणाऱ्या हवेने आग भडकते. उभ्या वाहनांच्या तारा उंदीर कुरतडतात. त्यामुळे दीर्घकाळ उभे असलेले वाहन बाहेर काढण्यापूर्वी पंख्याच्या तारा व सॉकेट डोळ्यांखालून घालणे हितावह ठरते.